तलंगेला टोचून अंडं येत नाही: कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र परसात पन्नास-शंभर पक्षी पाळणाऱ्या माझ्या बहिणींना आहे, शेड टाकून हजार-दोन हजार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, वाढवून विकणाऱ्या भावांना आहे, आणि गाडीला पिशवी अडकवून गावोगाव "लवकर अंड्यावर आणतो" म्हणत इंजेक्शन विकत फिरणाऱ्यांनाही आहे, त्यांच्यापर्यंत पोचलं तर. मी सातारा जिल्ह्यातली. नऊ वर्षं झाली कोंबड्या करतेय. डॉक्टर नाही मी, पण माझा भाचा शिरवळला व्हेटर्नरीला शिकतोय, आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी मला टेबलाजवळ उभं करून जे दाखवलं ते मी विसरू शकत नाही, म्हणून लिहितेय.

आधी झालं काय ते सांगते. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझ्या जाऊबाईंनी मिळून ऐंशी तलंगांची एक बॅच केली. पन्नास माझ्या, तीस त्यांच्या. खाद्य एक, लस एक, खुराडी शेजारी शेजारी. ऑगस्टची पिल्लं होती, म्हणजे वाढली ती दिवस लहान होत जाताना, आणि हे सगळ्यांना माहितीये की अशी बॅच अंड्यावर यायला रेंगाळते. इकडे डिसेंबर-जानेवारीत गावरान अंड्याला गिऱ्हाईक दारात येऊन उभं असतं, रोज खाद्याचं पोतं उतरतंय आणि टोपलीत एक अंडं नाही, त्या वेळी माणसाचा जीव किती कासावीस होतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरच्या शेवटी एक माणूस आला. म्हणाला एका आठवड्याच्या अंतरानं दोन टोचण्या, पक्ष्याला बारा रुपये, पंधरा दिवसांत अंडं. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं होतं, मी विचारलं तर म्हणाला कंपनीचं सिक्रेट आहे ताई. आत पिवळसर तेलासारखं होतं. तेव्हाच कळायला हवं होतं मला. जाऊबाईंनी त्याला त्यांच्या खुराड्याला हातसुद्धा लावू दिला नाही, म्हणाल्या माझ्या कोंबड्या त्यांच्या त्यांच्या वेळेनं देतील. मी मात्र पन्नासच्या पन्नास टोचून घेतल्या. छातीत.

आणि सुरवातीला काय छान वाटलं म्हणून सांगू. आठ-दहा दिवसांत तुरे लालभडक, गळ्याखालच्या पाळ्या लोंबायला लागल्या, जाऊबाईंच्या तलंगांचे तुरे अजून फिकट गुलाबी आणि माझ्यांचे जास्वंदीसारखे. मी मनातल्या मनात हिशोब पण केला पैशांचा. मग एका पहाटे खुराड्यातून आरवण्याचा आवाज आला. नीट बांग नाही, घसा बसलेल्या कोवळ्या कोंबड्यासारखी चिरकी बांग. माझ्या बॅचमध्ये नर एकही नव्हता. बॅटरी घेऊन गेले तर एक तलंग काठीवर मान ताणून उभी आणि तीच ओरडत होती. त्या आठवड्यात आणखी दोन-तीन आरवायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर जाऊन टोचायला लागल्या, पिसं उपटलेली दिसायला लागली. अंडं एक नाही.

सासूबाईंनी मग हातात घेऊन बघितलं. आपल्या आया-आज्या बघतात तसं, शेपटीखालची दोन टोकदार हाडं असतात त्यांच्या मधे बोटं धरून. अंड्यावर आलेल्या कोंबडीला दोन-तीन बोटं आरामात बसतात. माझ्या तलंगांना एक बोट मुश्किलीनं बसत होतं. त्या म्हणाल्या, "तुरा बाईचा नाही ग हा, आणि पोट अजून पोरीचं आहे." पुढे मॅडमनी जे सांगितलं ते सगळं सासूबाईंच्या त्या एका वाक्यात आलं होतं.

जानेवारीच्या थंडीत सात पक्षी गेले. पातळ हगवण, पंख पाडून बसायच्या आणि दोन दिवसात खलास. सातवी मेली ती मी पिशवीत घालून दवाखान्यात नेली, आणि त्याच सुमारास जाऊबाईंची एक कोंबडी कुत्र्यानं धरली होती ती पण बरोबर नेली. मॅडमनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून उघडल्या. दोघी एकाच दिवशी जन्मलेल्या, बावीसाव्या आठवड्यातल्या. जाऊबाईंच्या कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूला पाठीच्या कण्याला लागून छोट्या द्राक्षाच्या घडासारखं होतं, काही दाणे बाजरीएवढे पांढरे, काही वाटाण्याएवढे पिवळे, एक तर बोराएवढा झालेला. तेच तिचे होणारे बलक. खाली नळी गुंडाळलेली, फिकट गुलाबी, फुगत आलेली. आणि माझी? तिच्या त्याच जागी खसखस चिकटवल्यासारखा एक चपटा पांढरा तुकडा. नळी म्हणजे जाडसर दोरा. वर डोक्यावर एवढा मोठा तुरा आणि आत काहीच नाही, भुईमुगाची पोचट शेंग असते ना, वरून टम्म आणि फोडली तर दाणा नाही, तसं. मी तिथेच रडले.

मॅडम म्हणाल्या बाटली नसल्यामुळे काय टोचलं ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तुरा आणि आरवणं बघता नराचं हार्मोन असणार. सातच्या सात त्यामुळेच मेल्या असं पण त्या म्हणाल्या नाहीत. मी पण म्हणत नाही. जे दिसलं ते सांगतेय.

आता हे असं का होतं, ते भाच्यानं आणि मॅडमनी मला जसं समजावलं तसं लिहिते, कारण मला कळलं असतं तर मी टोचलं नसतं.

कोंबडीचा तुरा हा आतल्या हार्मोनचा आरसा आहे. जर्मनीत ग्योटिंगेनला बेर्टोल्ड नावाच्या माणसानं १८४९ साली कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले, तर तुरे वाढेनात, आरवणं बंद, मारामारी बंद. काहींच्या पोटात वृषण परत ठेवले, तर तुरा आला, बांग आली, सगळं आलं. म्हणजे नराच्या हार्मोनचा थेंब रक्तात आला की तुरा वाढतो, मग तो पक्षी नर असो की मादी, पोट तयार असो की नसो. आपल्या तलंगेचा तुरा अंड्यावर यायच्या आधी लाल होतो तो पण याचमुळे, तिच्या अंडाशयात बारीक दाणे वाढायला लागले की तेच थोडं नराचं हार्मोन सोडतात. म्हणजे आधी अंडाशय जागं होतं आणि मग तुरा लाल होतो. आपण बाहेरून टोचून नुसता तुरा लाल केला तर अंडाशयाला त्याचा पत्ताच नाही. उलट मेंदूला वाटतं रक्तात हार्मोन भरपूर आहे, आता खाली निरोप पाठवायची गरज नाही, आणि जे अंडाशय दोन-चार आठवड्यात आपलं आपण जागं झालं असतं ते पण झोपून राहतं.

मग कोणी म्हणेल नराचं नको, मादीचं देऊ. इस्ट्रोजेन. हे पण विकतात बरं का, गाईला माजावर आणायचं म्हणून असतं ते. तर ऐका. अमेरिकेत १९६० च्या दशकात ओमॅली, शिम्की वगैरे शास्त्रज्ञांनी अगदी लहान मादी पिल्लांना रोज कृत्रिम इस्ट्रोजेन टोचून बघितलं. काही मिलिग्रॅमची अंडनलिका दहा-पंधरा दिवसांत ग्रॅमभर झाली. तिच्यात अंड्याच्या पांढऱ्याचं प्रोटीन पण बनायला लागलं, एवढ्याशा पिल्लाच्या पोटात! हार्मोन पेशीत जाऊन काम कसं करतं हे जगाला ज्या प्रयोगांतून कळलं त्यात या पिल्लांच्या अंडनलिकेचा मोठा वाटा आहे. पण त्यांना अंडी नको होती, त्यांना ती नळीच बघायची होती. त्या पिल्लांनी अंडं दिलं नाही, देऊच शकत नव्हती, कारण नळी वाढली तरी वरचं अंडाशय तेवढंच राहिलं. बलकच नाही तर पांढरं गुंडाळणार कशाला? आणि इंजेक्शन थांबवलं की ती नळी परत आकसून गेली.

आणि इस्ट्रोजेन एवढ्यावर थांबत नाही. ते लिव्हरला सांगतं की बलकाचं सामान बनव, चरबी आणि प्रोटीन. अंडं देणाऱ्या कोंबडीत हे सामान रक्तातून अंडाशयात जातं आणि बलक होतो. तलंगेत ते उचलणारं कोणी नाही, मग ते रक्तातच फिरत राहतं, असं रक्त काढून ठेवलं तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं, आणि लिव्हरवर चरबी चढते. तसंच हाडांचं. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधी कोंबडीच्या मांडीच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळं भुसभुशीत हाड तयार होतं, कवचासाठी कॅल्शियमची कोठी म्हणा, कारण एका कवचाला दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं आणि कवच बनतं रात्री, जेव्हा ती खात नसते. इस्ट्रोजेन टोचलं की ती कोठी वेळेआधी भरायला लागते, आणि आपण तर अजून ग्रोअर खाद्य, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य घालतोय, ज्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं. ते कॅल्शियम येणार कुठून? तिच्या वाढत्या हाडांतूनच.

तिसरं म्हणजे घोडीच्या रक्तातून काढतात ते इंजेक्शन, गाई-मेंढ्यांना देतात. कोंबडीच्या अंडाशयात दाण्यांची ओळ लागलेली असते, सगळ्यात मोठा आज, त्याच्या मागचा उद्या, त्याच्या मागचा परवा, म्हणून तर एका दिवसाला एकच अंडं. हे इंजेक्शन देऊन बघितलंय लोकांनी, ती ओळच मोडते, एकदम खूप दाणे सारखेच फुगतात आणि सुटत एकही नाही. आणि चौथं, पान्हा सोडायचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन. त्याबद्दल मला चीड आहे, म्हशींना देऊन देऊन काय हाल केलेत आपण. कोंबडीच्या अंगात ऑक्सिटोसिन मुळात नसतंच, तिचं काम करणारी हार्मोन वेगळी आहेत. टोचलं तर नळी आवळते आणि आत असलेलं अंडं वेळेआधी बाहेर पडतं, कच्च्या कवचाचं. तलंगेच्या पोटात अंडंच नाही, तिथे ते काय बाहेर काढणार?

अजून एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात गंभीर, आणि ही कोणी विकणारा सांगत नाही. पिल्लाच्या गुदद्वाराच्या वर आत एक छोटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात, गंबोरो नावाचा पिल्लांचा रोग होतो तो हिलाच. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, हे १९५० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांच्या कामातून कळलं. कोंबडी वयात आली की ही पिशवी आपोआप आकसते, तोपर्यंत तिचं काम झालेलं असतं. पण कोवळ्या पक्ष्याला नराचं हार्मोन दिलं की ती वेळेआधीच आकसते. म्हणजे जेवढ्या लहान वयात टोचाल तेवढं तिचं संरक्षण तुम्ही आपल्या हातानं कमी करताय. मग मानमोडीची लस देऊन उपयोग काय, लसीला उत्तर देणारं सैन्यच अर्धवट. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांना टोचणारे लोक आहेत असं मी ऐकलंय. त्यांनी तर हे दोनदा वाचावं.

आणि खाणाऱ्याचं काय. आपण सगळ्या गिऱ्हाईकांना सांगत असतो, की चिकनमध्ये हार्मोन असतं, मुली लवकर वयात येतात, असलं काही मोबाईलवर आलेलं मानू नका, ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तो जातीच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. ते खरंच आहे. मग त्याच तोंडानं आपण खुराड्यात तेलाची बाटली घेऊन बसायचं? अमेरिकेत १९४७ पासून नर कोंबड्यांच्या मानेत डीईएस नावाच्या इस्ट्रोजेनची गोळी बसवायचे, मांस मऊ आणि चरबीदार व्हावं म्हणून. त्यांची मुंडकी मिंक नावाच्या प्राण्यांना खायला घातली, तर त्यांना पिल्लं होईनात. १९५९ ला तिथल्या सरकारनं कोंबड्यांसाठी ते बंद केलं, आणि आजही तिथे कोंबडीला हार्मोन द्यायची परवानगी नाही. तेच डीईएस गरोदर बायकांना पण दिलं जायचं, त्यांच्या मुलींना तरुण वयात कॅन्सर व्हायला लागले हे १९७१ ला उघड झालं. माझ्या पन्नासमधला एकही पक्षी मी मांसासाठी विकला नाही. मेलेले चुना टाकून पुरले. तेलातलं इंजेक्शन स्नायूत किती दिवस राहतं हे माहीत नसताना मी तो पक्षी कोणाच्या पोराच्या ताटात कसा जाऊ देऊ?

पशुसंवर्धन खात्यातल्या साहेबांना आणि मॅडमना पण दोन शब्द. तुम्ही शिबिरात लस, जंत, शेड सगळं सांगता, त्यात दहा मिनिटं या विषयाला द्या. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, मग खरवडलेल्या लेबलाच्या बाटल्या गावात येतात कशा हे बघणारं कोणीतरी पाहिजे. आम्ही बायका तक्रार करायला घाबरतो, कारण टोचून आम्हीच घेतलेलं असतं.

आता बरोबर काय, ते. तलंग वयात येते ती तिच्या वजनावर आणि उजेडावर. उजेड तिला डोळ्यांनीच लागतो असं नाही, तो कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, दिवस मोठा होतोय हे मेंदूला कळलं की तो खाली निरोप धाडतो, अंडाशय जागं होतं, आणि मग नळी, हाडं, लिव्हर, तुरा सगळं आपापल्या क्रमानं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेराच्या आसपास, म्हणून माझी ऑगस्टची बॅच रेंगाळत होती, तिला रोग नव्हता, फक्त अंधार होता! पहाटे एक बल्ब लावून दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत हळूहळू १५-१६ तासांपर्यंत नेलं असतं तर काम झालं असतं. पण हे पण घाईत नाही. वजन भरायच्या आधी उजेड वाढवला तर अंडी बारीक येतात, अंग बाहेर येतं, मग बाकीच्या तिथेच चोची मारतात आणि चांगली कोंबडी हातची जाते. आधी वजन, मग उजेड. आणि तुरे आपले आपण लाल व्हायला लागले की शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा, ज्यांना लागतो त्या बरोबर खातात.

जाऊबाईंनी बल्ब पण लावला नाही, तरी त्यांचं पहिलं अंडं जानेवारीच्या शेवटी आलं. माझं पहिलं मार्चमध्ये. तोपर्यंत माझ्यांचे तुरे हळूहळू परत फिकट पडले, आरवणं थांबलं, आणि मग त्यांच्या अंगानं सगळं नव्यानं सुरू केलं असावं. त्रेचाळीसमधल्या नऊ जणींनी अंडं दिलंच नाही. त्या अजून आहेत, बाकीच्यांबरोबर चरतात, मी त्यांना काढलेलं नाही.

कोणाकडे अशी बाटली पडून असेल तर फेकू नका, टोचू पण नका, झाकण लावून दवाखान्यात नेऊन द्या. पक्षी आजारी असेल तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. आणि विकणाऱ्या भावा, तू पण कोणाचातरी मुलगा आहेस, पोटासाठी फिरतोस हे मला कळतं, पण बाटलीत काय आहे ते तुला तरी माहितीये का? माहिती असेल तर लेबल खरवडू नकोस. माहिती नसेल तर माझ्याकडे ये, मी तुला मॅडमकडे घेऊन जाते, रागावणार नाही.

माझी नवी बॅच आता बारा आठवड्यांची आहे. दर रविवारी दहा तलंगा पकडून ताणकाट्यावर वजन करते आणि वहीत लिहिते, जाऊबाई बल्बाचं बघतात. कोणाला बघायचं असेल तर सकाळी सातच्या आत या, खाद्य टाकायच्या आधी, म्हणजे वजन खरं येतं.

तुमचीच,
सातारा जिल्ह्यातली एक कोंबड्यावाली